नवी लाइन सुरू होण्याआधी स्टेशनवरचे फलक झाकून का ठेवलेले असतात?

तुमचा प्रश्न असा आहे : घराजवळच्या मेट्रो स्टेशनवर, शेजारून जाणाऱ्या नव्या लाइनकडे नेणारे फलक चार-पाच महिन्यांपूर्वीच लागले. वर पांढरं स्टिकर मारलंय, तरी आतले दिवे लागले की खालची अक्षरं वाचता येतात. लाइन अजून सुरू नाही. मग इतक्या लवकर लावले कशाला? लावलेच तर उघडे ठेवायला काय हरकत आहे? आणि तेही नको असेल तर आदल्या रात्री सगळे एकदम का लावत नाहीत?

मी गेली 17 वर्षं स्टेशनांच्या फलकांचंच काम करते. मजकूर ठरवण्यापासून ते रात्री प्लॅटफॉर्मवर उभं राहून शिडीवरच्या मुलाला "डावी बाजू अर्धा इंच वर घे" म्हणण्यापर्यंत सगळं त्यात येतं. काम बहुतेक मुंबईतलं, म्हणून उदाहरणंही मुंबईचीच देते.

बराचसा भाग परिस्थितीवर अवलंबून असतो, ते आधी सांगून टाकते. जुनी आणि नवी लाइन एकच संस्था चालवत असेल तर निम्मं काम हलकं होतं. स्टेशन भुयारी असेल तर ऊन-पावसाचा त्रास नाही, पण फलक जास्त लागतात, कारण जमिनीखाली गेल्यावर माणसाला पूर्व-पश्चिम कळेनाशी होते. लोकलचं स्टेशन असेल तर रात्री कामाला वेळ आणखी कमी मिळतो. तुमच्या स्टेशनवर नेमकं काय ठरलं असेल ते मला इथे बसून सांगता येणार नाही. पण असे निर्णय कसे घेतले जातात आणि मी कसे घेते, ते सांगते.

सुरुवात तारखेपासून करते. नवी मेट्रो लाइन प्रवाशांसाठी खुली करायला मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र लागतं. तपासणीत काही दुरुस्त्या निघतात, त्या करून दाखवाव्या लागतात. प्रमाणपत्र हातात आल्यावर सरकार उद्घाटनाची तारीख ठरवतं, आणि प्रवाशांसाठी पहिली गाडी बऱ्याचदा त्यानंतर एक-दोन दिवसांनी सुटते. मेट्रो 3 चंच बघा. आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) या टप्प्याचं उद्घाटन 5 ऑक्टोबर 2024 ला झालं, प्रवासी बसले 7 तारखेला. आचार्य अत्रे चौकापर्यंतच्या टप्प्याचं उद्घाटन 9 मे 2025 ला, प्रवासी 10 मे रोजी. कफ परेडपर्यंतचं 8 ऑक्टोबर 2025 ला, प्रवासी 9 ला. त्याआधी मेट्रो 2अ आणि 7 च्या दुसऱ्या टप्प्याचंही तसंच, 19 जानेवारी 2023 ला उद्घाटन आणि 20 पासून प्रवासी. फलक लावणाऱ्याला यातली नक्की तारीख फार तर काही दिवस आधी कळते.

आणि मधला तो एक दिवस माझ्यासाठी सगळ्यात अवघड असतो. उद्घाटनाला पाहुणे येणार, फोटो निघणार, म्हणून "सगळे फलक उघडा" असा निरोप येतो. नव्या स्टेशनातले उघडायला माझी काहीच हरकत नसते, तिथे पाहुण्यांशिवाय कुणी नसतं. पण जुन्या स्टेशनच्या बाजूचे फलक त्या दिवशीही झाकलेले राहिले पाहिजेत, कारण तिथून रोजचे हजारो लोक जात असतात आणि त्यांच्यासाठी लाइन अजून बंदच आहे. यावर मी वाद घातलेले आहेत आणि पुढेही घालीन.

आता आदल्या रात्रीबद्दल. शेवटची गाडी गेली, वीज बंद झाली, कामाची परवानगी हातात आली, की घड्याळात एक वाजून गेलेला असतो. साडेचारच्या सुमारास सगळी हत्यारं मोजून, शिड्या गोळा करून बाहेर पडावं लागतं. म्हणजे हातात जेमतेम तीन-साडेतीन तास. छताला टांगलेला एक मोठा दिव्याचा फलक उतरवून, दुसरा चढवून, वायर जोडून, समपातळीत आणायला दोन माणसांना पाऊण तास सहज लागतो. स्टिकर सोलायला दोन मिनिटं. दोन लाइन मिळतात अशा स्टेशनवर बदलायच्या बाजू शंभराच्या वर जातात. (बाजू म्हणते, कारण टांगलेल्या फलकाला पुढची आणि मागची अशा दोन बाजू असतात आणि दोन्हींवरचा मजकूर वेगळा असतो.) हिशोब तुम्हीच करा. म्हणून फलक महिनोन्‌महिने आधी, रोज रात्री चार-पाच करत टांगायचे आणि झाकून ठेवायचे. शेवटच्या रात्रीसाठी फक्त सोलणं शिल्लक ठेवायचं. तुमच्या स्टेशनवर फलक लवकर लागले यात मला चूक दिसत नाही, उलट कुणीतरी नीट विचार केलेला दिसतो.

मग उघडे का नाही ठेवायचे? लोकांना कळेल तरी, असं तुम्ही म्हणता. एक प्रसंग सांगते. एका स्टेशनवर पावसाळ्यात नव्या लाइनच्या फलकावरचं स्टिकर एका कोपऱ्यातून सुटलं आणि दोन दिवसांत पूर्ण गळून पडलं. तिसऱ्या दिवशी मी पाहणीला गेले होते. एक बाई, कडेवर मूल, हातात ओढायची बॅग. त्यांनी फलक वाचला, बाणाकडे पाहिलं आणि जिना चढायला लागल्या. सरकता जिना अजून चालू नव्हता. वर पुलाच्या तोंडाशी पत्र्याचं कुंपण आणि खुर्चीवर बसलेला सुरक्षारक्षक. तो म्हणाला, लाइन सुरू नाही. त्या म्हणाल्या, "मग बोर्ड कशाला लावलाय?" आणि बॅग उचलून तेवढ्याच पायऱ्या उतरल्या. मी खाली उभी होते. त्यांचा तो प्रश्न मला अजून ऐकू येतो, कारण त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. घाईतला माणूस फलकावर शंका घेत नाही, बाण दिसला की पाय तिकडे वळतात. उद्यापासून खरा होणारा फलक आज त्या बाईंना खोटंच सांगत होता.

"लवकरच सुरू होत आहे" अशी पट्टी वर लावून फलक उघडा ठेवावा, असंही काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. लोक स्टेशनचं नाव आणि बाण वाचतात, वरची बारीक ओळ वाचायला कुणी थांबत नाही. बातमी द्यायची असेल तर ती वेगळ्या पोस्टरवर, बाणाशिवाय, तिकीट खिडकीजवळ द्यावी. लोक तिथे रांगेत उभे असतात, वाचायला वेळ असतो.

इथपर्यंतचं म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : फलक आधी टांगायचे ते रात्रीचे तास कमी म्हणून, आणि झाकायचे ते माणूस बाणावर विश्वास ठेवतो म्हणून. पण तुमच्या प्रश्नामागे जे खरं अवघड काम आहे त्याबद्दल कुणी फारसं विचारत नाही. नव्या स्टेशनात सगळंच नवं असतं, तिथे फलक लावणं सोपं. अवघड असतात ती जुनी स्टेशनं, जिथे कालपर्यंत बरोबर असलेला फलक नवी लाइन सुरू झाल्याक्षणी अपुरा पडतो.

अंधेरीकडे बघा. मेट्रो 1 वर्सोवा ते घाटकोपर 8 जून 2014 ला सुरू झाली. तिचं 'अंधेरी' स्टेशन लोकलच्या अंधेरीला लागून. पश्चिमेला पुढे आझाद नगर, त्यापुढे डी. एन. नगर. पूर्वेला पुढचं स्टेशन वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे. साडेआठ वर्षांनी 2अ आणि 7 इथवर पोहोचल्या. 2अ चं शेवटचं स्टेशन डी. एन. नगरच्या शेजारी आलं आणि त्याचं नाव 'अंधेरी पश्चिम'. 7 चं शेवटचं स्टेशन वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या शेजारी आलं आणि त्याचं नाव 'गुंदवली'. दोन्ही ठिकाणी पुलाने चालत जाता येतं. म्हणजे पुलाच्या एका टोकाला एक नाव, दुसऱ्या टोकाला दुसरं. शिवाय लोकलने अंधेरीला उतरून पश्चिमेला बाहेर पडलेल्या माणसाला 'अंधेरी पश्चिम' हे नाव ऐकून वाटतं, ते इथेच असणार. ते तिथे नाही. त्याला मेट्रो 1 पकडून डी. एन. नगरला उतरायला हवं किंवा रिक्षा करायला हवी.

अशा ठिकाणी फलकावर काय लिहायचं? नुसतं 'अंधेरी पश्चिम →' लिहिलं तर डी. एन. नगरला उतरलेल्या माणसाला वाटेल की हा बाण अंधेरीच्या पश्चिम भागाकडे जाणारा बाहेरचा रस्ता दाखवतोय. नुसतं 'मेट्रो 2अ →' लिहिलं तर ज्याला आकड्यांची सवय नाही त्याला काहीच कळणार नाही. माझं उत्तर असं : आधी लाइन, मग ती कुठे जाते, आणि स्टेशनचं नाव शेवटी, लहान अक्षरात. 'मेट्रो 2अ, मालाड–बोरीवली–दहिसरकडे', आणि खाली 'अंधेरी पश्चिम स्टेशन'. माणूस निघालेला असतो बोरीवलीला. वाटेत लाइन बदलायच्या स्टेशनचं नाव त्याला पाठ नसतं आणि ते पाठ असायची गरजही नाही.

मरोळ नाक्याला मेट्रो 1 आणि मेट्रो 3 दोन्हींनी एकच नाव ठेवलं, तिथे हा घोळ नाही. एक स्टेशन खांबांवर, दुसरं जमिनीखाली, त्यामुळे तिथला खरा प्रश्न लिफ्टचा आणि किती मजले उतरायचे याचा. पण तिथे निराळीच गोष्ट झाली. मेट्रो 1 वर 'एअरपोर्ट रोड' नावाचं स्टेशन पहिल्या दिवसापासून आहे. मेट्रो 3 आल्यावर विमानतळाच्या टी 2 (टर्मिनल 2) साठी सोयीचं म्हणजे मरोळ नाक्याला बदलून पुढच्याच स्टेशनला उतरणं. आता 'एअरपोर्ट रोड' हे नाव काही चुकलेलं नाही. पण सामान घेतलेल्या माणसाला ते नाव आधी दिसतं किंवा ऐकू येतं आणि तो तिथेच उतरतो. म्हणून नवी लाइन येते तेव्हा तिच्याशी जोडलेल्या स्टेशनचे फलक बदलून भागत नाही. अलीकडच्या-पलीकडच्या स्टेशनांवरचे, गाडीच्या दारावरच्या नकाशातले आणि उद्घोषणेतले शब्दही तपासावे लागतात. मुंबई सेंट्रलला मेट्रो 3 चं स्टेशन जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाचं आहे. लोकलच्या पुलावरून मेट्रोकडे नेणाऱ्या फलकावर आणि मेट्रोतून लोकलकडे नेणाऱ्या फलकावर दोन्ही नावं दोन्हीकडे दिसली नाहीत तर परगावचा माणूस गोंधळणारच.

यात मेट्रोच्याच तीन वेगळ्या संस्था येतात. मेट्रो 1 ची एक, 2अ आणि 7 ची दुसरी, 3 ची तिसरी, आणि लोकल म्हटली की मध्य आणि पश्चिम रेल्वे. माझ्या फलकाचा बाण ज्या भिंतीवर हवा असतो ती भिंत बऱ्याचदा दुसऱ्याची असते. बाहेरच्या रस्त्यावर महापालिका, बसथांब्यावर बेस्ट. एकेका भिंतीच्या परवानगीला महिने जातात, आणि फलक लवकर तयार ठेवण्याचं हेही एक कारण. रेल्वेच्या हद्दीत मजकूर मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत लागतो, तेव्हा जागा मोजूनच अक्षरांचा आकार ठरवावा लागतो. वांद्रेचं हिंदीत बांद्रा, परळचं परेल, शीवचं सायन. हे सगळं आधी कागदावर बसवून पाहिलं नाही, तर इंग्रजी मोठं आणि मराठी कोपऱ्यात चेपलेलं असा फलक तयार होतो. असा फलक मी हातातून जाऊ देत नाही.

म्हणून कामाची सुरुवात मी पायी करते. जुन्या स्टेशनचा प्रत्येक फलक, त्याची प्रत्येक बाजू, फोटो काढून यादीत. प्रत्येक बाजूला एक नंबर द्यायचा : स्टेशन, मजला, क्रमांक, बाजू. समजा 'अं-2-017-ब'. तो नंबर फलकाच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढ्या अक्षरात छापायचा. मग प्रत्येक नंबरासमोर लिहायचं : आज काय लिहिलंय, सुरू झाल्यावर काय लिहायचं, आणि त्यासाठी नवा फलक लागेल, वरून पट्टी चालेल की नुसतं झाकण काढायचं. यादी कार्यालयात बसून नकाशावरून केली तर हमखास राहतात ते लिफ्टच्या आतल्या बटणांशेजारचे शब्द, तिकीट यंत्राच्या पडद्यावरचं स्टेशनचं नाव आणि जिन्याच्या कठड्यावरचं ब्रेल. दिसणाऱ्या माणसाला चुकीच्या फलकाशेजारी दुसरा बरोबर फलक सापडतो. ब्रेल वाचणाऱ्याला तिथे दुसरं काही नसतं, म्हणून ते मी यादीत सगळ्यात वर घेते.

चालताना मी नवख्या प्रवाशासारखी चालते. जिथे वाट फुटते तिथे थांबायचं आणि बघायचं, इथे मला उत्तर मिळतंय का? मिळालं नाही तर तिथे फलक हवा. दोन वाटांमधल्या लांबलचक बोळात मात्र एखादाच हवा, आपण बरोबर चाललोय एवढा धीर द्यायला. सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे बाहेर पडण्याच्या गेटच्या आधीची दहा-पंधरा पावलं. कार्ड लावून बाहेर पडल्यावर जर माणसाला कळलं की दुसऱ्या लाइनचा पूल आतूनच होता, तर त्याचे पैसे गेले. आणि पूल बाहेरूनच असेल, पुढे नवं तिकीट लागणार असेल, तर तेही गेटच्या आधी स्पष्ट लिहिलेलं हवं.

शेवटच्या स्टेशनचा प्रश्न वेगळाच. आपल्याकडे दिशा शेवटच्या स्टेशनच्या नावाने सांगतात. लोकलमध्ये चर्चगेट, विरार म्हटलं की झालं. पण लाइन टप्प्याटप्प्याने सुरू होते तेव्हा शेवटचं स्टेशनच बदलत राहतं. मेट्रो 3 च्या दक्षिणेचं शेवटचं स्टेशन आधी बीकेसी, सात महिन्यांनी आचार्य अत्रे चौक, आणखी पाच महिन्यांनी कफ परेड. एका वर्षात तीन. पहिल्या टप्प्यात 10 स्टेशनं होती, दुसऱ्यात 6 आणि तिसऱ्यात 11 वाढली. प्रत्येक स्टेशनच्या प्रत्येक जिन्यावर शेवटच्या स्टेशनचं नाव पक्कं छापलं तर आधीचं सगळं दोनदा बदलावं लागेल. पहिल्याच दिवशी 'कफ परेड' छापावं, तर गाडी तिथे जात नाही, म्हणजे ते पुन्हा त्या बाईंसारखंच झालं. अशा लाइनवर मी पक्क्या छपाईत फक्त प्लॅटफॉर्मचा नंबर आणि वाटेतली, आधीच सुरू झालेली दोन-तीन मोठी स्टेशनं घेते. शेवटच्या स्टेशनसाठी खाचेत सरकवायची पट्टी ठेवते, ती एका रात्रीत बदलता येते.

नंबर बदलण्याचं काम त्याहून नाजूक. दादरला पश्चिम रेल्वेचे प्लॅटफॉर्म 1 ते 7, आणि मध्य रेल्वेचेही पुन्हा 1 पासून सुरू व्हायचे. "पाच नंबरला भेट" म्हटलं तर कुठल्या पाचला? 9 डिसेंबर 2023 पासून मध्य रेल्वेने आपले नंबर पुढे चालू केले : जुना 1 झाला 8, मधला 2 आधीच काढून टाकला होता म्हणून जुना 3 झाला 9, आणि जुना 8 झाला 14. बदल अगदी रास्त. पण वर्षानुवर्षांची सवय एका रात्रीत जात नाही. अशा वेळी काही आठवडे नव्या मोठ्या आकड्याखाली 'जुना 3' अशी छोटी पट्टी असावी आणि ठरलेल्या दिवशी ती काढून टाकावी. काढायची तारीख यादीत आधीच लिहून ठेवायची, नाहीतर ती पट्टी कायमची तिथेच राहते.

मजकुराबद्दल थोडं, कारण माझा जीव यात गुंततो. 'पायऱ्या' हा शब्द जवळजवळ प्रत्येक स्टेशनवर लागतो. त्यातला ऱ्य नीट यायला फॉन्ट चांगला हवा. एकदा छपाईवाल्याकडून चाळीसएक पट्ट्या आल्या, सगळ्यांवर 'पायर्या', रफार य च्या डोक्यावर. त्याच्या संगणकावर आमचा फॉन्ट नव्हता, दुसरा आपोआप लागला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून फाइल पाठवताना अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे फॉन्ट लागू नये म्हणून त्यांच्या आकृत्या करूनच जातात आणि कर्व्ह करण्याआधी दोन वेगवेगळी माणसं मोठ्याने वाचतात. तसंच ल आणि श चं. मराठी वळणाचा ल दोन्ही बाजूंना सारखा गोल असतो, श चंही वळण निराळं असतं. बरेच फॉन्ट आपण सांगितलं नाही तर हिंदी वळणाची अक्षरं देतात. वाचता येतं, चुकीचंही नाही, पण मराठी फलकावर मराठी वळण हवं असा माझा आग्रह आहे. आणि फलकावरचं नाव, ॲपमधलं नाव, तिकिटावरचं नाव अक्षर न्‌ अक्षर एकच हवं. दहिसर एकीकडे ऱ्हस्व आणि एकीकडे दीर्घ असेल तर यंत्रावर शोधणाऱ्याला ते सापडत नाही.

आता तुमच्या स्टेशनवरच्या झाकणाचं. खालची अक्षरं दिसतात म्हणजे साधं पांढरं विनाइल, म्हणजे प्लास्टिकचं स्टिकर, लावलंय. ते मागून उजेड आला की आरपार दिसतं. पाठीमागे करडा थर असलेलं विनाइल मिळतं, ते लावायला हवं होतं, किंवा दिव्याच्या फलकात आतून काळी शीट सरकवून दिवाच बंद ठेवायचा. दुसरा धोका डिंकाचा. कडक डिंकाचं विनाइल चार महिने उन्हात राहिलं की सोलताना डिंक फलकावरच राहतो, त्यावर धूळ बसते आणि नवाकोरा फलक पहिल्याच दिवशी मळका दिसतो. झाकणासाठी हलक्या डिंकाचं घ्यावं, उघड्यावर असेल तर दर महिन्याला कडा तपासाव्यात आणि पावसाळ्याआधी बदलून टाकावं. हे काम कंत्राटात लिहिलेलं नसलं तर कुणी करत नाही, म्हणून मी ते कंत्राटातच लिहून घेते.

उघडण्याच्या रात्रीचा क्रम बहुतेक जण उलटा धरतात. रस्त्यावरच्या प्रवेशापासून सुरुवात करून आत जातात. मी नव्या लाइनच्या प्लॅटफॉर्मपासून सुरू करते आणि मागे मागे येत रस्त्यापर्यंत पोहोचते. कारण काही ना काही अडचण येतेच : एखादी शिडी अडकते, एखादं स्टिकर निघत नाही, वेळ संपतो. प्लॅटफॉर्मपासून मागे आलो असू, तर सकाळी रस्त्यावरचा एखादा फलक झाकलेला राहील. तिथे माणूस कुणाला तरी विचारून आत येईल, आणि आत आल्यावर पुढची साखळी सलग मिळेल. रस्त्यापासून सुरुवात केली असती तर पहिले चार बाण दिसले असते आणि पाचव्या वळणावर कोरा फलक. तिथे, बोळाच्या मध्यावर, विचारायलाही कुणी नसतं.

सकाळी पहिल्या गाडीला मी तिथेच थांबते. पुढचे दहा-बारा दिवस गर्दीच्या वेळी एखाद्या खांबाशी उभं राहून फक्त बघायचं, लोक कुठे थबकतात, कुठे मागे वळतात, सुरक्षारक्षकाला सगळ्यात जास्त वेळा काय विचारलं जातं. एका स्टेशनवर रक्षकाने स्वतःच वहीच्या पानावर बाण काढून, 'लोकल इकडे' असं लिहून खांबाला चिकटवलं होतं. ते पान मी जपून ठेवलंय. तिथे खरंच फलक हवा होता, आमच्या यादीत तो नव्हता. पुढच्या आठवड्यात त्याच जागी, त्याच उंचीवर पक्का फलक लावला.

तुमच्या स्टेशनवर लाइन सुरू झाल्यावर कुठे अडखळलात, तर तक्रार करताना फोटोत फलकाचा खालचा कोपरा येईल असं बघा, तिथे तो छोटा नंबर असण्याची शक्यता आहे. आणि सोबत एवढंच लिहा की तुम्ही कुठल्या बाजूने येत होतात आणि कुठे निघाला होतात. "फलक चुकीचे आहेत" एवढ्या ओळीवरून आम्हाला काहीच शोधता येत नाही. "घाटकोपरच्या गाडीतून उतरून दहिसरकडे जायचं होतं, 017 पाशी डावीकडे की उजवीकडे ते कळलं नाही" असं कळलं तर तो फलक दोन-तीन रात्रींत दुरुस्त होऊ शकतो.